त्राटिकेचा पंचनामा

गावितसाहेब रिटायर झाले त्याला वर्ष होऊन गेलं, पण त्यांच्यातला वनपाल काही रिटायर व्हायला तयार नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय खोटं? घरात दूध उतू गेलं की साहेब ओट्यापाशी उभे राहून विचारायचे, "घटना कितीच्या सुमारास घडली? हजर कोण होतं?"

जयवंतीबाई फडक्याने ओटा पुसत म्हणायच्या, "मांजर होतं हजर. घ्या त्याचा जबाब."

तसा त्यांचा तरी काय दोष? रोहिदास गावितांची उभी हयात जंगल राखण्यात गेली. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत त्यांच्या बुटांचा आवाज ओळखत नाही असा लाकूडतोड्या सापडला नसता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी सख्ख्या सासऱ्याचा नांगर जप्त केला होता, कारण त्याचं लाकूड नवं सागाचं होतं आणि परवानगी नव्हती. तेही कसं, तर सासऱ्याने कापलेला कोंबडा पोटभर जेवून, हात धुऊन, मग कागद काढला. वर खुलासा केला, "जेवलो जावई म्हणून, पंचनामा वनपाल म्हणून." जयवंतीबाई ते विसरल्या नव्हत्या. विसरणार कशा? नांगर परत आला तेव्हा भात कापून झालं होतं.

आणि पळसपाड्याच्या रघुची कुऱ्हाड तर साहेबांनी इतक्यांदा नेली, की रघु बाजारात दोन-दोन कुऱ्हाडी घ्यायला लागला. दुकानदाराला सांगायचा, "एक माझी, एक फारेस्टरची."

पळसपाडा हे साहेबांचं स्वतःचं गाव, मोखाड्यापासून जीपने अर्ध्या तासावर. गावाच्या वरच्या अंगाला वाघोबाची राई आहे. हिरडे, बेहडे, आंबे, करवंदीच्या जाळ्या आणि मधोमध शेंदूर लावलेला वाघोबा. सगळ्या नोकरीत या एका राईवर साहेबांना कधी पहारा ठेवावा लागला नाही. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे, वाघोबा बघतो ना! बाहेर दिवसभर लोकांशी हुज्जत घालून साहेब दमून यायचे आणि तिथल्या बेहड्याखाली बसून बूट काढायचे. घराबाहेर बूट काढायची त्यांची तेवढी एकच जागा. त्या राईवर त्यांचा जीव होता, आणि हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर गावचे सखाबाबा घरी आले. सखाबाबा म्हणजे 'राई राखण संस्थे'चे अध्यक्ष. संस्था कसली, पाच विश्वस्त, एक शिक्का आणि समाजमंदिरातलं एक कुलूप न लागणारं कपाट. चहा बशीत ओतत सखाबाबा म्हणाले, "साहेब, जन्मभर आमाला जंगलातून हाकललाव. आता आमच्यात बसा आन दुसऱ्यांना हाकला."

साहेबांना गहिवरून आलं. आल्या गहिवरातच त्यांनी विचारलं, "संस्थेची घटना कुठे आहे? नियमावली दाखवा."

झाले विश्वस्त! आणि विश्वस्त होताच सचिवही झाले, कारण बाकीच्यांना लिहायचा कंटाळा होता. बाकीचे म्हणजे अध्यक्ष सखाबाबा. तोच तो दोन कुऱ्हाडींचा रघु. ठाण्याला बांधकामावर जाऊन-येऊन असणारा लक्ष्या, ज्याचं निम्मं बोलणं हिंदीत चालायचं. आणि जव्हारच्या उज्ज्वलामॅडम, गावच्या शाळेत शिकवायला आल्या आणि राईच्या प्रेमात पडल्या. रघुला विश्वस्त पाहून साहेबांच्या भुवया वर गेल्या होत्या. रघु म्हणाला होता, "मी राईबाहेरची तोडली असतील. राईतली नाय." हे साहेबांनाही कबूल होतं.

आता घोडं पेंड खातं कुठे ते ऐका. कुठल्याशा खडीवाल्याने राईला लागून असलेल्या टेकाडावर क्रशर टाकायचा अर्ज केला. सुरुंग लागले की राईतलं पाणी आटणार, झाडं धुळीनं मरणार. कोणाची हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत मोखाड्याच्या तहसील कचेरीत द्यावी, अशी नोटीस लागली. संस्थेने हरकत घ्यायची तर ठराव हवा, आणि ठरावावर पाचातल्या चौघांच्या सह्या हव्यात. सखाबाबा म्हणाले, "आण कागद, करतू सही."

पण साहेब ते साहेब! "अशी कशी सही? आधी सभेची रीतसर नोटीस, आठवडाभर मुदत, विषयपत्रिका, मग सभा, मग ठराव, मग सही." त्यांनी सरकारी सुट्ट्यांची यादी समोर घेतली, रविवार वगळले, जयंत्या वगळल्या, आणि सभेची तारीख काढली. ती नेमकी हरकतीच्या मुदतीचा शेवटचा दिवस निघाली. "सकाळी अकराला सभा, दुपारी कचेरी. बसतंय," साहेब खूश होऊन म्हणाले. सगळे विश्वस्त एकमेकांकडे बघत "बरं" म्हणाले. फारेस्टरने काढलेल्या तारखेशी कोण वाद घालणार?

वाद घालायला हवा होता. कारण त्या दिवशी पळसपाड्याच्या बोहाड्याचा शेवटचा दिवस होता, आणि बोहाडा काही सरकारी सुट्ट्यांच्या यादीत नसतो.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा सोंगांचा उत्सव. होळीनंतर गावोगाव चालतो. मोठेमोठे रंगीत मुखवटे चढवून गणपतीपासून वेताळापर्यंत सगळे सांबळाच्या तालावर रिंगणात नाचून जातात. ज्या घराचं जे सोंग, ते त्याच घराने घ्यायचं, बापानंतर पोराने. सखाबाबांच्या घरी देवी. रघुच्या घरी म्हैसासुर. लक्ष्याच्या घरी दहा तोंडांचा रावण. शेवटच्या दिवशी सकाळी देवी म्हैसासुराला मारते, मग देवी जिथे बसते तिथे भगत आरती ओवाळतो, आणि त्यानंतरच मुखवटे उतरतात. तोवर मुखवट्यातला माणूस माणूस नसतो. त्याने बोलायचं नाही, त्याला नावाने हाक मारायची नाही, आणि सोंगाशिवाय कोणी रिंगणात पाऊल टाकायचं नाही.

आणि गावितांच्या घरी? गावितांच्या घरी त्राटिका. साहेबांचे वडील लुगडं नेसून असे नाचायचे की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. वडील गेले, तोवर साहेब खात्यात लागलेले. "सरकारी माणसाने लुगडं नेसून नाचायचं?" म्हणून त्यांनी मुखवटा माळ्यावर टाकला. पण सोंग दुसऱ्या घराला देता येत नाही. म्हणून दरवर्षी त्राटिकेची पाळी आली की सांबळवाला एक फेरी रिकामीच वाजवतो. रिंगणात कोणी नसतं, सगळं गाव गप्प उभं असतं. साहेब त्या वेळी दरवर्षी घरात बसून रेडिओ मोठा करायचे.

तर त्या दिवशी अकरा वाजता समाजमंदिरात सभेला हजर कोण? सचिव गावितसाहेब आणि उज्ज्वलामॅडम. बाहेर सांबळ तडतडत होतं.

"साहेब, आपण दोघंच सही करून जाऊ या का?" मॅडमनी विचारलं.

"कोरम नाही. दोघांच्या सहीने ठराव होत नाही."

"मग त्यांना बोलवा ना!"

बोलवायचं कसं? साहेब रिंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. आत म्हैसासुर शिंगं हलवत नाचत होता आणि देवी त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे. देवीने त्रिशूळ रोखला, की म्हैसासुर पडल्यासारखं करायचा आणि टुणकन उठायचा. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. साहेबांनी हातातला कागद उंच धरून हलवला. म्हैसासुराने तो पाहिला. पाहिला हे नक्की, कारण त्यानंतर तो दुप्पट जोरात नाचायला लागला. मरायचं नावच घेईना.

बारा वाजून गेले. ऊन डोक्यावर आलं. साहेब घामाघूम होऊन घरी आले आणि ओसरीवर बसले. कागद खाली ठेवून म्हणाले, "जयवंती, राई जाणार गं. माझ्या नोटिशीपायी जाणार. जन्मभर जंगल राखलं आणि शेवटी नियमानेच घालवलं."

जयवंतीबाईंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं. नांगराचा वचपा काढायला याहून बरी वेळ आली नसती. पण त्या उठल्या, शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि त्राटिकेचा मुखवटा खाली घेऊन आल्या. मोठाले डोळे, बाहेर आलेले सुळे, लालभडक जीभ. आणि रंग ताजा, कालच दिल्यासारखा.

"हा कोणी रंगवला?"

"तुम्ही दरवर्षी रेडिओ लावून बसता, तेव्हा मी दुसरं काय करणार?" बाई म्हणाल्या. "सोंगाशिवाय रिंगणात जाता येत नाही ना? मग जा सोंग घेऊन. उभे राहा, लुगडं नेसवते."

"अगं, पण मी…"

"राई पाहिजे का इभ्रत?"

असा प्रश्न साहेबांना खात्याच्या परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. ते मुकाट उभे राहिले.

त्राटिकेची पाळी आदल्या दिवशीच होऊन गेली होती, रिकामी. त्यामुळे हिरवं लुगडं नेसलेली, सुळेवाली त्राटिका रिंगणात घुसली तेव्हा सांबळवाल्याचा हातच थांबला. मग एका म्हातारीची नजर लुगड्याखाली गेली आणि ती ओरडली, "आगं बया! ह्ये बूट तं फारेस्टरचं!"

जो हंशा उठला म्हणता! मागे उभे असलेले दोघे-तिघे बुटांच्या धाकाने सवयीने पळालेसुद्धा. सांबळवाल्याने मात्र हसू आवरून त्राटिकेची चाल धरली.

साहेबांना नाचता येत नव्हतं. त्यांना निरोप द्यायचा होता, आणि बोलायची बंदी. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. लोक म्हणाले, वा! त्यांनी दोन्ही हात पसरून झाड दाखवलं, मग झाड पडतं ते दाखवताना स्वतःच लुगड्यात पाय अडकून पडले. लोक म्हणाले, वाहवा! उठून त्यांनी हवेत सही केली, शिक्का मारला, मोखाड्याच्या दिशेने बोट दाखवलं आणि म्हैसासुरापुढे हात जोडले. लोक म्हणाले, अशी त्राटिका बापानेसुद्धा नाचवली नव्हती. म्हैसासुराने तिच्याभोवती गिरकी घेतली आणि शिंगाने हळूच ढुंगणावर ढुशी दिली.

पण देवीला समजलं. देवी थांबली. देवीने सूर्याकडे पाहिलं, त्राटिकेच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि देवळाकडे जायचं सोडून सरळ सडकेकडे चालू लागली. भगत धावत आला, "आवं, देऊळ हिकडं हाय!" देवी ऐकेना. आणि देवी जिकडे, तिकडे सोंगं! देवीला वाट दाखवायची हिंमत भगताची नाही, कोणाचीच नाही.

सडकेवर दोन जीपा उभ्या होत्या. पुढच्या जीपमध्ये देवी, भगत, सांबळवाला, म्हैसासुर आणि त्राटिका. मागच्या जीपमध्ये उज्ज्वलामॅडम, मांडीवर ठरावाची फाइल घेऊन, आणि शेजारी रावण. पण रावणाची दहा तोंडं दारातून आत जाईनात. सरळ घातली जाईनात, तिरकी घातली तर मॅडमच्या डोळ्यात एक नाक गेलं. शेवटी रावण मागच्या पायरीवर लटकला. मोखाड्याच्या घाटात समोरून आलेल्या एसटीतल्या माणसांनी रावणाला पाहून हात जोडले. रावणानेही दहा तोंडांनी मान हलवली.

इथे मध्येच साहेबांच्या डोक्यात वीज चमकली आणि मुखवट्याच्या आत त्यांना दरदरून घाम फुटला. अहो, आता ते स्वतःही सोंग होते! चौघांच्या सह्या हव्या होत्या म्हणून ते तिघांना आणायला गेले, आणि आता पाच विश्वस्तांत माणसासारखं तोंड असलेल्या एकट्या उज्ज्वलामॅडम उरल्या. नियमावलीत यावर एकही कलम नव्हतं.

तहसील कचेरीच्या आवारात ही वरात उतरली तेव्हा दुपार बरीच कलली होती. दाखल्यासाठी आलेली माणसं उठून उभी राहिली. आवक टेबलावर सोनलमॅडम म्हणून क्लार्क होत्या, त्या खिडकीतून बघायला लागल्या. देवीने आवाराचा एक फेरा घेतला, त्रिशूळ सरळ केला आणि मागे वळली. म्हैसासुराने एवढी गर्दी पाहिली आणि त्याला पुन्हा जोर चढला. शेवटी त्राटिकेने मागून त्याला गच्च मिठी मारली. पळणारा लाकूडतोड्या धरायची ती साहेबांची जुनी पकड, रघुच्या चांगल्या ओळखीची. देवीने त्रिशूळ टेकवला. म्हैसासुर व्हरांड्याच्या पायरीवर आडवा झाला.

देवी व्हरांड्यातल्या लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसली. भगताने तिथेच आरती ओवाळली. सोनलमॅडमनीही खिडकीतून हात जोडले. आणि मुखवटे उतरले.

"चलो, जल्दी! ऑफिस बंद होईल!" लक्ष्याने दहा तोंडं खाली ठेवून सही केली. सखाबाबांनी केली, उज्ज्वलामॅडमनी केली. साहेबांनी खाली सचिव म्हणून केली, ती चौथी. काम फत्ते! पण सोनलमॅडमनी ठराव आणि सोबत जोडलेली नियमावली वाचली आणि म्हणाल्या, "सचिव म्हणून तुमची सही प्रमाणित करणारी आहे, खाली. ठरावाच्या बाजूने चार हव्यात ना, तुमच्याच नियमावलीप्रमाणे? सचिव धरून नाही, सचिव सोडून. हे बघा, लिहिलंय."

हे कलम साहेबांनीच गेल्या महिन्यात घातलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ!

उरला रघु. आणि रघु पायरीवर मरून पडलेला. मुखवटा उतरला होता, डोळे मिटलेले.

"रघु, ऊठ. सही कर."

"मेलेला माणूस सही करत नाय," रघु डोळे न उघडता म्हणाला.

"आरती झाली, आता तू रघु आहेस!"

"रघु तं मुळीच करणार नाय." त्याने एक डोळा उघडला. "तुझ्या कागदावर मी जवा जवा सही केली, तवा तवा माझी कुऱ्हाड गेली."

"अरे, ही राईसाठी आहे!"

"ठावं हाय. राई माझीबी हाय. पण आदी तुझा पंचनामा. तू ल्हिव, मी पंच. मंग तुझ्या ठरावाव सही."

आत कपाटं बंद होऊ लागली होती. साहेबांनी लुगड्याचा पदर खोचला, व्हरांड्यात मांडी घातली, मॅडमच्या फाइलमधला कोरा कागद घेतला. लिहू लागले तसा जुना हात आपोआप वळला. रघु उठून बसून ऐकत होता आणि साहेब मोठ्याने वाचत लिहीत होते:

"आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, रोहिदास गावित, निवृत्त वनपाल, राहणार पळसपाडा, हा इसम हिरवे लुगडे व सरकारी बूट अशा पेहरावात, सर्व गावासमक्ष नाचताना आढळून आला. नाच वाईट होता."

"लय वाईट," रघु म्हणाला. "ल्हिव, लय."

"अत्यंत वाईट होता. आरोपीस गुन्हा कबूल आहे. मुद्देमाल, त्राटिकेचा मुखवटा, एक." साहेब थांबले. पुढचं वाक्य त्यांनी जन्मभर शेकडो वेळा लिहिलं होतं. मुद्देमाल जप्त करून डेपोत जमा. त्यांनी पेन उचललं. "मुद्देमाल कोणाच्या ताब्यात देऊ?"

रघुने शेजारी ठेवलेला मुखवटा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. साहेबांच्या बापाची त्राटिका त्यानेही लहानपणी बघितली होती. मुखवटा त्याने साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"ल्हिव," तो म्हणाला. "मुद्देमाल आरोपीच्याच घरी ठेवण्यात आला. अट अशी, की दर बोहाड्याला आरोपीने मुद्देमालासकट रिंगणात हजर राहावा. हजर नाय राहिला तं रघु येऊन बूट जप्त करंल."

साहेबांनी लिहिलं. शेवटची ओळ लिहिताना त्यांना कागद नीट दिसेना, म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि पदर आपल्याच अंगावर आहे याचं त्यांना काही वाटलं नाही. रघुने पंच म्हणून सही केली. मग ठराव ओढून घेतला आणि त्यावरही केली. सोनलमॅडमनी आवकचा शिक्का मारला, पोच दिली आणि कपाटाला कुलूप लावलं.

परतीच्या जीपमध्ये पंचनामा रघुच्या खिशात होता. राईपाशी जीप थांबली तेव्हा सगळे उतरून वाघोबाला हात जोडायला गेले. साहेब बेहड्याखाली बसले आणि बूट काढायला लागले. शेजारी रघु येऊन बसला, बुटांकडे बघत म्हणाला, "नाचताना ते काढत जा, रोह्या. पाऊल पडत नाय."